मोशेच्या डोक्यावर शिंगं कुठून आली?

रोमला सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये मायकेलँजेलोने घडवलेला, ज्यूंचा संदेष्टा मोशे याचा पुतळा आहे, संगमरवरी, पोप दुसरा जुलियस याच्या थडग्यासाठी केलेला, आणि त्याच्या केसांतून दोन आखूड शिंगं वर आलेली सरळ दिसतात. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने भाषांतरात घोळ केला. मला हे उत्तर जेरोमवर अन्याय करणारं वाटतं.

मूळ प्रसंग बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 34व्या अध्यायातला. मोशे दगडी पाट्या घेऊन सिनायवरून खाली उतरतो, देवाशी बोलल्यामुळे त्याच्या चेहऱ्याच्या कातडीला काहीतरी झालंय पण त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नाही, लोक मात्र जवळ यायलाही घाबरतात आणि शेवटी तो तोंडावर पडदा घेतो. हे जे "काहीतरी झालं" त्यासाठी हिब्रूत शब्द आहे कारन. अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये हे रूप फक्त याच प्रसंगात येतं, 29, 30 आणि 35 या ओवींत, त्यामुळे ताडून बघायला दुसरं वाक्यच नाही. त्याच मुळातला केरेन म्हणजे शिंग हे पक्कं. याच क्रियापदाचं वेगळं रूप स्तोत्र 69 मध्ये आहे, तिथे खरोखरचा शिंगं-खुरं असलेला बैल आहे. पण बायबलमधल्याच हबक्कूक या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात प्रकाशाचं वर्णन चालू असताना देवाच्या हातातून "शिंगं" निघतात, ते किरणच असणार ना.

शिवाय आपल्याकडे एखाद्याला शिंगं फुटली म्हटलं की तो माजला असा अर्थ होतो, तिकडे उलट. बायबलमधली हन्ना मुलगा झाल्यावर प्रार्थनेत म्हणते की माझं शिंग उंच झालं, म्हणजे मान वाढला, बळ मिळालं.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, ग्रीकमध्ये गेली तेव्हा इथे चेहरा "गौरवला गेला" असं लिहिलं. नंतर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अक्विलाने शब्दाला शब्द ठेवत ग्रीक भाषांतर केलं, त्यात शिंग आलं. जेरोम चौथ्या शतकाच्या शेवटी बेथलेहेममध्ये बसून थेट हिब्रूवरून लॅटिन करत होता, ज्यू शिक्षकांकडून भाषा शिकलेला माणूस, त्याच्यासमोर ग्रीक आणि अक्विला दोन्ही होते, आणि त्याने "कॉर्नुटा" म्हणजे शिंगवाला हा शब्द निवडला. त्याला अर्थ कळला नव्हता असं म्हणताच येत नाही, कारण यहेज्केल या बायबलच्या पुस्तकावरच्या भाष्यात तो स्वतः "गौरवलेला" आणि "शिंगवाला" हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी देतो.

पुढे चित्रकारांच्या हातात मात्र नुसता शब्द राहिला. 11व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या सचित्र हस्तलिखितात मोशेला शिंगं दिसतात, मग ती युरोपभर पसरली, 1400 च्या आसपास दिजाँजवळ क्लाउस स्लूटरने घडवलेल्या मोशेलाही आहेत. सुरुवातीला ती मानाचीच होती, पण त्याच युरोपात ज्यूंना सैतानाशी जोडणंही चालू होतं आणि 1267 मध्ये व्हिएन्नाच्या धर्मसभेने ज्यूंना शिंगासारखी टोपी घालायची सक्ती केली. या दोन गोष्टींचा थेट धागा जोडता येत नाही, तरी एकच खूण एकीकडे मानाची आणि दुसरीकडे अपमानाची झालेली बघून फार वाईट वाटतं.

ज्यू परंपरेत हा पेच असा उरलाच नाही. ऑन्केलोसच्या तोराच्या अरामी भाषांतरात तेज आहे, आणि फ्रान्समधला 11व्या शतकातला राशी नावाचा ज्यू भाष्यकार सरळ सांगतो की हा शब्द शिंगावरूनच आलाय, कारण प्रकाश शिंगासारखा बाहेर येतो. धर्मसुधारक ल्यूथरने जर्मनमध्ये चेहरा चमकवला, 1611 च्या इंग्रजी बायबलनेही तेच केलं, मराठी बायबलमध्येही तेजच आहे, आणि व्हॅटिकनने 1979 च्या नव्या लॅटिन आवृत्तीत "कॉर्नुटा" काढून चमकण्याचं क्रियापद घातलं.