सीमाभागात ‘जड जीभ’ दुधाशी कशी जोडली गेली

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ‘पोराची जीभ जड आहे’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात बोलणे येते. वेखंड उगाळून बाळाच्या जिभेला लावायचे ते बोबडे बोलू नये म्हणून. शेजारची कन्नड आजी तेच ‘बजे’ म्हणून लावते. बाळ नीट ओढत नसेल तर मात्र जिभेकडे कोणी बघत नसे. बोल आईला लागायचा: दूधच पातळ, डिंकाचे लाडू खाल्ले नाहीत, उपडे झोपली. त्यामुळे आज डॉक्टरांनी ‘टंग टाय’ (जिभेखालची पडदी आखूड असल्याने जीभ अडकणे) म्हटले की घरातले उत्तर ठरलेले असते, ‘बोलेल की हळूहळू’. प्रश्न दुधाचा असतो, उत्तर बोलण्याचे.

युरोपात उलटे होते. तिथल्या काही सुइणी एक नख मुद्दाम टोकदार ठेवत आणि जिभेखालची पडदी त्यानेच तोडत. विसाव्या शतकात बाटली आली. बाटलीतून दूध ओढायला जीभ तेवढी पुढे काढावी लागत नाही, म्हणून जिभेची तपासणीही विस्मरणात गेली. अंगावर पाजण्याचा आग्रह परतला तशी तीही परतली. आपल्याकडे पावडरच्या दुधाच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1992 चा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जिभेचे रूप आणि हालचाल यांना वेगवेगळे गुण देणारी पद्धत मांडली गेली. ती लांबलचक होती. 2015 मध्ये इंग्लंडमधून चारच गोष्टींची सुटसुटीत पद्धत आली: टोकाचा आकार, पडदी हिरडीला कुठे चिकटली आहे, रडताना जीभ किती उचलते, किती बाहेर येते. प्रत्येकी 0 ते 2, एकूण 8.

इथवर फारसे भांडण नाही. भांडण लागले ते ‘मागच्या’, म्हणजे जिभेच्या मुळाकडच्या, टायवरून. 2004 च्या सुमारास पडदीचे चार प्रकार मांडले गेले. त्यातले शेवटचे दोन मागचे: डोळ्यांना धड दिसत नाहीत, जिभेखाली बोट फिरवल्यावर म्हणे जाणवतात. आता जे दिसत नाही ते आहे की नाही हे ठरवायचे कोणी? ज्याचे बोट, त्याचे निदान. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींत 1997 ते 2012 या काळात टंग टायचे निदान सुमारे आठपटींनी वाढले. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा बदलल्या नसणार. 2019 च्या शरीररचनेच्या अभ्यासाने तर पडदी म्हणजे एक दोरी, ही कल्पनाच मोडली. तिथे सुटी दोरी नाहीच, तोंडाच्या तळाचे अस्तर जीभ उचलताना घडीसारखे वर येते, असे दिसले. पडदी कापण्याच्या उपायाच्या 2017 च्या आढाव्यात पाच चाचण्या आणि 302 बाळे होती. कापल्यावर आईच्या स्तनाग्राची वेदना काही काळ कमी झाली. बाळाच्या ओढण्यात सुधारणा मात्र सगळीकडे सारखी आढळली नाही. 2024 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी सरळ लिहिले की ‘मागचा’ या शब्दाची व्याख्याच ठरलेली नाही, तेव्हा तेवढ्यावरून शस्त्रक्रिया करू नये. माझ्या मते हे वीस वर्षे उशिराच झाले. टाय दिसत असलेल्या निम्म्याहून कमी बाळांनाच पाजताना अडचण येते, असेही त्यांनी नोंदवले आहे.

सरकारी तपासणीत जीभ अजून आलेली नाही. 2013 पासूनच्या बालतपासणी कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहेत, टंग टाय नाही. हाताशी आहेत त्या आशांच्या 2011 पासूनच्या घरभेटी: दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. बाळाचे वजन आणि पाजणे तिथे बघितले जाते. पहिले बाळंतपण माहेरी, ही इथली रीत. कागलची सून निपाणीला आली की गरोदरपणाची नोंद महाराष्ट्रात आणि बाळाचे वजन कर्नाटकात. आई-बाळाच्या नोंदींच्या इथल्या कार्डाला ‘तायी कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, पण आपल्या बायका खुशाल ‘ताई कार्ड’ म्हणतात आणि ते आशाताईंचे कार्ड समजतात. वजन वाढत नसेल तर आशाताई आधी बाळाला कसे धरले आहे ते बघते, आणि पुष्कळदा अडचण तिथेच सुटते. जीभ बघायची वेळ त्यानंतरची.