कॅल्शियम साठलेल्या हृदयधमन्यांची अँजिओप्लास्टी

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियमचे क्षार साठून ती टणक झाली असेल, तर मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून आधी तो थर झिजवतात किंवा त्याला तडे पाडतात आणि मग स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी, बसवतात. या उपचारात खरे कसब स्टेंट बसवण्यापूर्वीच्या कामात असते.

हे कॅल्शियम प्रामुख्याने हाडातल्याच खनिजाच्या, हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या, रूपात असते. भिंतीतल्या पेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि वर्षानुवर्षे थर चढत जातो. वय, मधुमेह, मूत्रपिंडांचा जुना आजार आणि डायलिसिस ही मुख्य कारणे. इंदूरच्या रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या घरात आजोबांच्या रिपोर्टात ‘कॅल्शियम’ दिसले की पहिला घाला पडतो तो रात्रीच्या दुधावर! दुधाचा बिचाऱ्याचा यात दोष नाही. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच चालू ठेवाव्या वा थांबवाव्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बाबतीत तर विशेषच.

अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिकमध्ये फुग्याने हृदयधमनी रुंद केली, तिथून अँजिओप्लास्टीचा इतिहास सुरू होतो. मऊ चरबीचा थर फुग्याने दबतो. टणक कॅल्शियम दबत नाही. फुगा जिथे भिंत मऊ असेल तिकडे फुगतो आणि धमनी चिरू शकते. तशाच जागी स्टेंट बसवला तर तो अर्धवट उघडतो. अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये पुन्हा अडथळा येण्याचा आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि तो नंतर उघडणे महाकठीण. म्हणून ‘आधी स्टेंट टाकू, मग बघू’ हे इथे चालत नाही.

साध्या अँजिओग्राफीत बरेच कॅल्शियम निसटते. धमनीच्या आतून ध्वनिलहरींनी चित्र घेणाऱ्या आयव्हसमध्ये ते पांढरेशुभ्र दिसते, पण त्यामागे सावली पडत असल्याने जाडी कळत नाही. प्रकाशावर चालणाऱ्या ओसीटीत जाडीही मोजता येते. त्यासाठी मात्र जास्तीचा डाय (अँजिओग्राफीत धमन्या दिसाव्यात म्हणून सोडायचे द्रव्य) सोडावा लागतो आणि मूत्रपिंडे अधू असलेल्यांना तो जड जातो. कॅल्शियमने परिघाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापलेला, जाडी ०.५ मिलिमीटरच्या वर आणि लांबी ५ मिलिमीटरच्या वर असेल, तर नुसत्या फुग्यावर भिस्त ठेवू नये असा संकेत आहे.

साधनांत सर्वांत जुने रोटाब्लेशन, कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी जिथे करतात त्या खोलीच्या) बोलीत ‘रोटा’. हिऱ्याचे सूक्ष्म कण बसवलेला १.२५ ते २.५ मिलिमीटरचा बर, म्हणजे थर घासणारे फिरते टोक, मिनिटाला साधारण १,४०,००० ते १,८०,००० फेरे घेतो. लवचिक भिंत त्याच्यापुढून बाजूला सरते, टणक थर घासला जातो. भुकटी बहुतांशी तांबड्या रक्तपेशीहूनही बारीक असते. तरीही प्रवाह मंदावू शकतो, उजव्या धमनीत काम करताना ठोके एकदम कमी होऊ शकतात. म्हणून काही वेळा तात्पुरता पेसमेकर लावतात. धमनीला छिद्र पडणे किंवा बर अडकून बसणे विरळा, पण गंभीर. हे काम सराव असलेल्या हातांचेच.

आयव्हीएल (इंट्राव्हॅस्क्युलर लिथोट्रिप्सी) हे मूतखडा फोडण्याच्या तंत्राचे भावंड. फुगा ४ ॲटमॉस्फिअर इतक्या कमी दाबाने फुगवून आतल्या द्रवात विजेच्या ठिणग्या पाडतात. त्यातून उठणाऱ्या लहरी खोलवरच्या कॅल्शियमलाही तडे देतात. अमेरिकेत हृदयधमन्यांसाठी त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. वापरायला ते सोपे, पण फुगा आत शिरलाच नाही तर उपयोग शून्य. तेव्हा आधी रोटाने वाट करून मग हा फुगा नेतात. याखेरीज पात्यांचे फुगे, अतिउच्च दाबाचे फुगे आणि ऑर्बिटल अथेरेक्टमी (गोल कक्षेत फिरणाऱ्या टोकाने थर झिजवणारे साधन) आहेतच. सुमारे २,००० रुग्णांवरच्या एक्लिप्स चाचणीत (२०२४) सरसकट ऑर्बिटल वापरल्याने फुग्यापेक्षा वर्षाअखेर जास्त फायदा दिसला नाही. महागडे साधन प्रत्येकाला हवेच असे नाही, हे त्यातून घ्यावे.

खर्चाचे गणित घरच्यांना इथेच चकवते. केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली (पुढे ती बदलत गेली), पण ती मर्यादा स्टेंटपुरती. रोटाचा बर किंवा आयव्हीएलचा फुगा वेगळा मोजावा लागतो. देवास, धार, उज्जैनहून इंदूरला येणाऱ्या कुटुंबाने सहीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्या: आतून चित्र घेणार का, कोणते साधन लागेल, आणि ते आयुष्मान कार्डात किंवा विम्यात बसते का. मधुमेह असून अनेक धमन्या बाधित असतील, तर बायपासचा सल्ला हृदयशल्यविशारदाकडूनही घ्यावा. पुण्या-मुंबईतल्या मुलाला अँजिओग्राफीची सीडी पाठवून दुसरे मत घेण्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

स्टेंटनंतर ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर देतात: स्थिर आजारात सहसा ६ महिने, हृदयविकाराच्या झटक्यानंतर १२, रक्तस्रावाचा धोका असेल तर मुदत कमीही करतात. दात काढायचा असो की मोतीबिंदू, या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय थांबवू नयेत.