अणुकेंद्रकाची पीएच.डी. आणि अणुभट्टीची पीएच.डी.

इंदूरच्या राजेंद्रनगरातलं आमचं घर कॅट या अणुऊर्जा विभागाच्या संशोधन केंद्रापासून इतकं जवळ आहे, की नात्यातल्या कुणी विज्ञानाची पदवी घेतली की त्याला सल्ल्यासाठी आमच्याकडे धाडलं जातं. मी मूळचा मेकॅनिकलचा. अणुभट्टीतल्या उष्णतेवर पीएच.डी. केली आणि त्यासाठी बरीच वर्षं इंदूरबाहेर काढली. यंदाच्या उन्हाळ्यात भाची आली, सोबत तिची मैत्रीण. भाचीची मेकॅनिकलची बी.ई. झालेली, मैत्रिणीने देवी अहिल्या विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली. दोघींचं वाक्य एकच होतं, "मामा, न्यूक्लिअरमध्ये पीएच.डी. करायची आहे." आणि दोघींची समजूत अशी, की विषय एकच आहे, परीक्षा एकच असेल, अर्जही एकच भरायचा.

विषय दोन आहेत. एक अणुकेंद्रकीय भौतिकी आणि दुसरा अणु-अभियांत्रिकी. नाव सारखं वाटतं म्हणून पहिल्याच्या रांगेत उभं राहून दुसऱ्याची वाट पाहणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांची दोन-दोन वर्षं वाया गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

इंदूरच्या मराठी मुलांचा घोळ तर शब्दांपासूनच सुरू होतो. घरी आपण अणू म्हणतो तो ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. शाळेतल्या हिंदी पुस्तकात मात्र ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. घरात मराठी आणि वर्गात हिंदी असलेल्या मुलाला एकाच शब्दाचे दोन अर्थ मनात बाळगावे लागतात. त्यात आणखी गंमत अशी, की या दोन्ही विषयांचं खरं नातं अख्ख्या अणूशी नाहीच, ते अणूच्या पोटातल्या केंद्रकाशी आहे. अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर रसायनशास्त्र चालतं. केंद्रक फुटतं तेव्हा ज्या उलाढाली होतात, त्या या दोन विषयांच्या.

मग फरक कुठे? मी त्यांना एकच केंद्रक घेऊन समजावलं, प्रोटॅक्टिनियम-२३३ (आकडा म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती ते). भारताकडे थोरियम भरपूर आहे, पण थोरियम स्वतः इंधन म्हणून पेटत नाही. थोरियम-२३२ ने न्यूट्रॉन गिळला की थोरियम-२३३ होतं, त्याचं प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं आणि त्यातून युरेनियम-२३३ तयार होतं. हे युरेनियम उत्तम इंधन आहे. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमची कामिनी ही ३० किलोवॅटची छोटी भट्टी १९९६ पासून त्याच्यावर चालते. मधलं प्रोटॅक्टिनियम मात्र सावकाश बदलतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे २७ दिवसांचं.

भौतिकीच्या विद्यार्थिनीला इथे प्रश्न पडतो, की या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला तर ते फुटण्याची शक्यता किती? अडचण अशी, की २७ दिवसांत निम्मं होणाऱ्या, जबर किरणोत्सारी पदार्थाचं लक्ष्य बनवून त्यावर सरळ मारा करणं फार कठीण. म्हणून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) पेलेट्रॉन या प्रवेगकावर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, आडवाटेने मोजणी झाली. थोरियमवर लिथियम-६ चे कण सोडायचे. लिथियमचा एक तुकडा थोरियमला चिकटतो, बाकीचा अल्फा कण म्हणून बाहेर पडतो आणि मागे उरतं ते प्रोटॅक्टिनियम-२३४. प्रोटॅक्टिनियम-२३३ ने न्यूट्रॉन गिळल्यावर जे केंद्रक झालं असतं, तेच हे. ते किती वेळा फुटतं हे मोजलं, की मूळ प्रश्नाच्या जवळ जाता येतं. यात यंत्र आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, रात्र-रात्र बीमवर बसणं आहे. पण हाती येतो तो निसर्गाबद्दलचा एक आकडा आणि त्या आकड्यातली चूक किती असू शकते याचा प्रामाणिक अंदाज. प्रबंध तिथे पूर्ण होतो.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्याच आकड्यापासून सुरुवात करतो. भट्टी चालू असताना प्रोटॅक्टिनियमने न्यूट्रॉन खाल्ला तर दुहेरी नुकसान होतं. तो न्यूट्रॉन गेला आणि पुढे होणारं युरेनियमही गेलं. भट्टी बंद केली तर उलटाच प्रकार. साठलेल्या प्रोटॅक्टिनियमचं आठवड्यामागून आठवडे युरेनियम होत राहतं, म्हणजे बंद असलेली भट्टी पेटायला आतून अधिकाधिक तयार होत जाते. तेव्हा न्यूट्रॉन शोषून भट्टी आवरणाऱ्या नियंत्रण सळ्यांमध्ये किती ताकद राखून ठेवायची? भौतिकवाल्यांच्या आकड्यात दहा टक्के चूक निघाली तरी ती पुरेल का? गाभ्यात कुठे इंधन जास्त तापेल? त्याच्या प्रबंधातही समीकरणं असतात, कधी कधी भौतिकवाल्यांपेक्षा किचकट. न्यूट्रॉन कुठे आहे, कोणत्या दिशेने, किती ऊर्जेने आणि कोणत्या क्षणी चालला आहे हे सगळं धरलं तर एका समीकरणात सात चल येतात. पण शेवटी त्याला एखाद्या चालत्या वस्तूबद्दल 'हे सुरक्षित आहे, इतक्या मर्यादेपर्यंत' असं सांगावं लागतं.

या दोन्ही मनोवृत्ती एकाच यंत्रापाशी समोरासमोर आल्याची घटना १९४४ ची आहे, आणि मला ती अतिशय प्रिय आहे. अमेरिकेत हॅनफर्डला कोलंबिया नदीकाठी बी रिॲक्टर उभा राहत होता. भौतिकशास्त्रज्ञांच्या हिशेबाने इंधनाच्या १,५०० नळ्या पुरेशा होत्या. बांधकाम ड्यू पॉन्ट या रसायन कंपनीकडे होतं. तिच्या अभियंत्यांनी आग्रह धरून कोपऱ्यांतही भोकं पाडली आणि एकूण २,००४ नळ्यांची सोय केली. वेळ आणि पैसा फुकट जातोय असं म्हणणारे तेव्हा होतेच. सप्टेंबरअखेर भट्टी सुरू झाली, शक्ती वाढली आणि काही तासांत कोणी हात न लावता ती आपोआप उतरत जाऊन बंद पडली. पुढे बऱ्याच तासांनी पुन्हा जिवंत झाली आणि पुन्हा उतरली.

हे कोडं सोडवलं भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी. विखंडनातून, म्हणजे केंद्रक फुटण्यातून, आयोडिन-१३५ तयार होतं, ते साडेसहा तासांच्या अर्धायुष्याने झेनॉन-१३५ होतं, आणि हे झेनॉन न्यूट्रॉन गिळण्यात अचाट आहे. मंद न्यूट्रॉनसाठी युरेनियम-२३५ च्या विखंडनाचा काटछेद, म्हणजे ते घडण्याच्या शक्यतेचं माप, ५८५ बार्नच्या आसपास आहे (बार्न हे त्या मापाचं एकक). झेनॉनचा शोषणाचा काटछेद सुमारे २६ लाख बार्न. चिमूटभर झेनॉन अख्ख्या भट्टीचा श्वास कोंडतं आणि नऊ-साडेनऊ तासांच्या अर्धायुष्याने ते ओसरू लागलं की भट्टी पुन्हा डोकं वर काढते. कारण भौतिकवाल्याने शोधलं, पण भट्टी चालली ती त्या जास्तीच्या नळ्यांत इंधन भरल्यामुळे. भाची ऐकून म्हणाली, "म्हणजे अभियंत्यांना झेनॉन माहीतच नव्हतं?" नव्हतं. पण काहीतरी माहीत नसेल, एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं. अणु-अभियांत्रिकीची पीएच.डी. करणाऱ्याला ही सवय शिकावी लागते आणि माझ्या मते तीच शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

असंच एक उदाहरण आपल्या अंगणातलंही आहे. कॅटला २००५ मध्ये राजा रामण्णा यांचं नाव दिलं गेलं. रामण्णा भौतिकशास्त्रज्ञ, विखंडनात केंद्रकाचे तुकडे कसे होतात यावर त्यांचं काम. अनिल काकोडकर जन्मले आपल्या निमाडात, बडवानीला. ते मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल अभियंता झाले आणि ध्रुव या १०० मेगावॅटच्या संशोधन भट्टीच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. दोघांनीही भाभा अणुसंशोधन केंद्र सांभाळलं, दोघेही अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. एकाच खुर्चीवर बसलेल्या या दोघांचं शिक्षण आणि हातातलं काम वेगळं होतं, हे मुलींना मी मुद्दाम सांगितलं.

आता कॅटबद्दल. आपल्याकडे कित्येकांना वाटतं की तिथे अणुभट्टी आहे. नाही. तिथे लेझर आहेत आणि इंडस-१ व इंडस-२ ही दोन सिंक्रोट्रॉन आहेत. इंडस-२ च्या सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळणांवर क्ष-किरणांचा झोत सोडतात. त्या झोताने पदार्थाची रचना पाहतात, म्हणजे बहुतेक वेळा प्रश्न विचारला जातो तो केंद्रकाला नाही, अणूतल्या इलेक्ट्रॉनांना आणि अणूंच्या मांडणीला. काम अणुऊर्जा विभागाचंच आहे आणि फार चांगल्या दर्जाचं आहे. भट्टीच्या कामाशी त्याचा सांधाही आहे. जड पाण्याच्या भट्ट्यांमधल्या जुन्या वाहिन्या बदलताना किरणोत्सारी जागी दुरून कापाकापी करायला इथल्या लेझर यंत्रणा वापरल्या गेल्या आहेत. पण ज्याला भट्टीच्या गाभ्यावर प्रबंध लिहायचा आहे त्याने घराजवळ आहे म्हणून कॅट धरू नये. प्रवेगकाचे चुंबक, निर्वात नळ्या, लेझर यांत मन रमत असेल तर मात्र राजेंद्रनगरातून सायकलने जाता येईल इतकं नशीब इंदूरकराला लाभलं आहे.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो. होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे २००५ पासूनचं अभिमत विद्यापीठ आहे. पदवी त्याची, पण काम करायचं ते मुंबईच्या भाभा केंद्रात, कल्पाक्कमला, गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत किंवा आपल्या कॅटमध्ये. प्रवेशपरीक्षा म्हणाल तर भौतिकीसाठी जेस्ट, नेट किंवा भौतिकीचं गेट. अभियांत्रिकीसाठी आपापल्या शाखेचं गेट. आयआयटी कानपूरमध्ये अणु-अभियांत्रिकीचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. बी.ई. न्यूक्लिअरमध्येच हवी असं अजिबात नाही. मेकॅनिकल, केमिकल, धातुशास्त्र, इलेक्ट्रिकल सगळे येतात आणि पुष्कळांच्या पदवीवर अणु हा शब्दसुद्धा नसतो. विद्यावेतन दोन्हीकडे सारखंच. २०२३ पासूनच्या दरांप्रमाणे आधी महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं.

एक तिसरी वाट आहे आणि तिला पीएच.डी. समजण्याची चूक वारंवार होते. भाभा केंद्राच्या प्रशिक्षण शाळेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम १९५७ पासून चालू आहे. तो पार पडला की वैज्ञानिक अधिकारी म्हणून नोकरी मिळते. पुढे नोकरी करता करता पीएच.डी. होऊ शकते, पण तेव्हा विषय तुमच्या विभागाच्या कामातून निघतो. घरात पगाराची गरज असेल तर ही वाट उत्तम, संकोच करण्यासारखं त्यात काही नाही. विषय स्वतःच्या मर्जीचा हवा असेल तर आधी पीएच.डी.

सीमेवरची जागाही आहे. भट्टीची भौतिकी म्हणजे गाभ्यात न्यूट्रॉनांची संख्या कशी वाढते, कशी आवरते याचा अभ्यास. भौतिकीची एम.एस्सी. झालेलीही तो करू शकते, अभियंताही. विखंडनातले साधारण ०.६५ टक्के न्यूट्रॉन उशिरा निघतात म्हणून भट्टी माणसाच्या हाताने आवरता येते, ही एक गोष्ट केंद्रकाचीही आहे आणि यंत्राचीही. मैत्रिणीचे डोळे तिथे चमकले. तिला मी सांगितलं, मार्गदर्शकाचे आधीचे तीन-चार प्रबंध काढ आणि त्यांचं शेवटचं प्रकरण आधी वाच. तिथे नवा आकडा आहे की रचनेची मर्यादा, त्यावरून विभागाची पाटी काहीही असो, ती पीएच.डी. कोणत्या जातीची आहे ते कळतं.

भाचीला मी गुजरातमधल्या काक्रापार अणुवीज केंद्राचा हिशेब करायला बसवलं. तिथली ७०० मेगावॅट विजेची भट्टी उष्णता देते २,१०० मेगावॅटच्या वर. ती बंद केली त्या क्षणी विखंडन थांबतं, पण विखंडनाच्या तुकड्यांच्या ऱ्हासामुळे सहा टक्क्यांच्या आसपास उष्णता निघतच राहते. तिने कागदावर गुणाकार केला, सव्वाशे मेगावॅटच्या वर. २०११ मध्ये फुकुशिमात भूकंप होताच भट्ट्या बंद झाल्या होत्या, घात केला तो या उरलेल्या उष्णतेने, कारण पाणी फिरवायला वीज उरली नव्हती.

"आणि पंप नसेल तर?" तिने विचारलं.

गरम द्रव हलका होऊन वर चढतो, थंड झाला की खाली येतो. त्या नैसर्गिक अभिसरणावर, पंपाशिवाय, भट्टी थंड ठेवता येते का यावर कल्पाक्कमला वितळलेलं सोडियम घेऊन आणि मुंबईला पाणी घेऊन वर्षानुवर्षं काम चाललं आहे. प्रवाह कधी सुरू होतो, कधी डगमगतो, कधी उलटा फिरतो, यातले बरेच प्रश्न अजून उघडे आहेत. तिने त्याच कागदाच्या मागे नळीचं एक वेटोळं काढलं, खाली तापवण्याची जागा, वर थंड करण्याची, आणि बाण कोणत्या बाजूला काढायचा यावर दोघींचा वाद सुरू झाला. ताटातले पोहे गार झाले. रात्री बहिणीचा फोन आला, की ही अजून टेबलाशीच बसली आहे, गेटचं पुस्तक कुठलं आणायचं ते सांग.