विट्याहून कराड गाठताना: लाकडी ग्लायडर आणि फायबरचं ग्लायडर

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. जुन्या-नव्या ग्लायडरची तुलना निघाली की आधी ग्लाइड रेशो विचारला जातो, म्हणजे जेवढी उंची गमावली त्याच्या किती पट अंतर पुढे जाता येतं तो आकडा. श्लायशरच्या जर्मन कारखान्यातलं १९५५ चं लाकडी का-६ घेतलं तर २९, १९८० चं फायबरचं एलएस-४ घेतलं तर ४०. म्हणजे एक किलोमीटर उंचीवरून पहिलं २९ किलोमीटर जाणार, दुसरं ४०. आकडे बरोबर आहेत, पण ते स्थिर हवेतले आहेत. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो आणि हिशोब पार बदलतो.

विट्यावर, कराडच्या धावपट्टीपेक्षा १५०० मीटर उंच आहात असं धरा. सरळ रेषेत अंतर सुमारे ४० किलोमीटर, समोरून वारा ताशी ३० किलोमीटर. का-६ चा २९ हा आकडा ताशी ८० च्या आसपास मिळतो. वाऱ्यामुळे जमिनीवरचा वेग उरतो ५०, म्हणजे २९ चे झाले १८. पल्ला २७ किलोमीटर, कडेगाव ओलांडलं की जमीन. एलएस-४ ला ४० मिळतात ताशी १०० ला. जमिनीवर वेग उरतो ७०, रेशो २८. ते कराडला पोचतं, तेही जेमतेम ७० मीटर उंची शिल्लक ठेवून. एवढ्यात उतरण्याआधीचा फेरा बसत नाही, त्याला किमान दोनशे मीटर हवेत. तेव्हा नव्या ग्लायडरलाही विटा सोडण्याआधी आणखी एक थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारा हवेचा झोत, घ्यावंच लागतं. समोरच्या वाऱ्यात वाऱ्याच्या निम्मा वेग वाढवायचा असा ढोबळ नियम आहे. तसं केलं तर दोघांचाही पल्ला थोडा सुधारतो, पण फायदा नव्याला जास्त होतो, कारण वेग वाढला की लाकडी ग्लायडरची घसरण, म्हणजे खाली येण्याचा वेग, फार लवकर वाढते.

हा फरक वेगातून आला आहे, आणि वेगाची गरज इतिहासात उशिरा निर्माण झाली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीतल्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा तिथली पोरं १९२० पासून वासरकुपे डोंगरावर बिनइंजिनाची विमानं घेऊन जमू लागली. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ज्या प्रकारच्या वाऱ्यावर फिरतात, तसाच उतारावर आदळून वर चढणारा वारा त्यांना पुरे होता. कड्यालगत येरझाऱ्या घालायच्या, त्यात घाई कसली! हलकं आणि सावकाश उडणारं ग्लायडर हेच चांगलं ग्लायडर. १९२१ च्या व्हॅम्पायर ग्लायडरने एक मोठी गोष्ट दिली: एकच मुख्य स्पार, म्हणजे पंखाची लांबीभर जाणारी तुळई, आणि त्याच्यापुढे प्लायवूडचं बंद नाक, त्यामुळे पंख पिळवटेना. १८ ऑगस्ट १९२२ ला आर्थर मार्टेन्सने त्यावर तासाभराहून जास्त वेळ उड्डाण केलं. पुढे व्हॅरिओमीटर आला, चढ आहे की घसरण ते काटा सांगू लागला, आणि डोंगर सोडून थर्मलवर लांब जाता येऊ लागलं. दोन थर्मलमधली रिकामी हवा पटकन कापायची गरज तेव्हा पडली.

लाकूड तिथेच अडलं. प्लायवूड कितीही घासा, काही महिन्यांत ते रिबांच्या, म्हणजे पंखाच्या फासळ्यांच्या, मध्ये किंचित बसतं आणि पंखावर लाटा उठतात. पंखालगतचा हवेचा पातळ थर सुरळीत वाहण्यासाठी लागणारा आकार त्या लाटांनी मोडतो. तरीही का-६ ने लाकडातून जे काढलं ते थोर आहे. हाइन्झ हूथने १९६० आणि १९६३ ची जागतिक स्पर्धा स्टँडर्ड क्लासमध्ये याच ग्लायडरवर जिंकली.

आपल्या देशातही त्याच काळात लाकडी ग्लायडर घडत होती. दिल्लीच्या नागरी विमानवाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने १९६१ मध्ये दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं रोहिणी उडवलं, १९६३ मध्ये एकासनी कार्तिक. पुढे भरणी, मृगशीर, आर्द्रा. शिराळ्यात रोहिणीच्या तोंडावर धूळवाफ भात पेरणाऱ्याला ही नावं वेगळी समजवावी लागत नाहीत.

फायबर आलं १९५७ मध्ये, श्टुटगार्टच्या फिनिक्स ग्लायडरमधून. एप्लर आणि नेगेले यांनी बाल्सा लाकडाच्या दोन्ही बाजूंना काचतंतू आणि रेझिन लावलं. साच्यातून निघाल्यामुळे पृष्ठभाग आरशासारखा. मग १९७२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या एसबी-१० ग्लायडरमध्ये कार्बनतंतू आले आणि २९ मीटरचा पंखही फार न वाकता बारीक ठेवता आला.

नव्या ग्लायडरच्या पंखात पाणी भरतात, लोकांना हे उलटं वाटतं. वजन वाढल्याने ग्लाइड रेशो घटत नाही, तो फक्त जास्त वेगाला मिळतो. ३५० किलोचं ४७० किलो केलं तर १०० ला मिळणारा आकडा ११६ ला मिळतो. किंमत थर्मलमध्ये मोजावी लागते. ४० अंश कलून ताशी ७० ने फिरणाऱ्या लाकडी ग्लायडरच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ४५ मीटर, ताशी ९० ने फिरणाऱ्याची ७५. माण-खटावात सकाळी दहा-अकराला थर्मल अरुंद असतात, तिथे जुनं ग्लायडर घारीच्या मागोमाग चढतं आणि पाणी भरलेलं बाहेर फेकलं जातं. उतरण्याआधी पाणी सोडायचंच.

शेतात उतरताना मात्र नव्याचा गुण अंगावर येतो. दहा मीटर उंच राहिलात तर का-६ तीनशे मीटर पुढे जातं, एलएस-४ चारशे. एअरब्रेक, म्हणजे घसरण वाढवायला पंखावर उघडायच्या पट्ट्या, वेळेवर उघडले नाहीत तर वावर संपतं. पलूस-तासगाव पट्ट्यात समोर द्राक्षाचा मांडव असेल तर त्याच्या तारा वरून दिसत नाहीत आणि कॅनपीच्या, म्हणजे पायलटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, उंचीवर येतात. उभ्या उसात पंखाचं टोक अडकून ग्लायडर गरकन फिरतं. फेब्रुवारी-मार्चनंतर काढणी झालेलं शाळूचं रान बरं, सरीच्या दिशेने. काळ्या रानातली नांगरट नको, ढेकळांनी चाक उखडतं.

देखभालीतही दोघांचे शत्रू वेगळे. कित्येक जुन्या लाकडी सांगाड्यांत दुधापासून बनवलेला केसीन सरस असतो. पावसाळी दमटपणात तो बुरशीने कुजतो, आंबट-कुबट वास येतो. पंखाच्या मागच्या कडेची पाणी निघायची भोकं बुजली की आधी तिथेच सुरू होतं, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर ती टाचणीने मोकळी करावीत, आणि सांधे नाण्याने ठोकून बद्द आवाज येतो का ऐकावं. फायबरला ओलाव्यापेक्षा ऊन बाधतं. जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत लेप, तडकतो, आणि सुमारे ५४ अंशांपुढे रेझिनचा ताठपणा कमी होऊ लागतो. मेमध्ये उन्हात उभ्या गडद पत्र्याला हात लावून बघा, तिथे ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. फायबरची ग्लायडर पांढरी असतात ती यासाठी. रंगीत पट्टा हवाच असेल तर तो नाकावर किंवा पंखाच्या टोकाला, मुख्य स्पारवर नाही.