आवाज आला म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, असं नसतं

"ऑटोमॅटिकला आवाज आला की संपलं, गिअरबॉक्स उतरवायलाच लागतोय." कोल्हापुरात उद्यमनगरात हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकतोय. ते चूक आहे, आणि त्यापायी पिकअपवाल्यांचे पैसे नाहक जातात.

आधी आवाज कशाबरोबर वाढतो ते बघा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर. हळूच रेस द्या. रेसबरोबर कुंईऽऽ असा सूर चढला तर संशय गिअरबॉक्सच्या ऑइल पंपावर किंवा टॉर्क कन्व्हर्टरवर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग). पण तेल कमी असलं किंवा फिल्टर तुंबला तरी पंप असाच ओरडतो. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं बेअरिंगसुद्धा!

उभ्या गाडीत सगळं शांत, आणि रस्त्यावर वेगाबरोबर घरघर? मग बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) जॉइंट, डिफरन्शिअल (ती ताकद दोन्ही चाकांना वाटणारा भाग) तपासा. माझ्या पिकअपची घरघर गगनबावड्याच्या घाटात डाव्या वळणावर वाढायची, उजव्या वळणावर जवळजवळ थांबायची. एका मिस्त्रीनं गिअरबॉक्स खोलायला सांगितलं होतं. निघालं काय? पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, एवढंच.

गिअरबॉक्सचं तेल मात्र बघाच. नवं तेल बहुधा लाल असतं. चेंबरच्या (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्याच्या) मॅग्नेटवर बारीक राखाडी लगदा दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. तेल काळं, जळक्या वासाचं आणि तळाशी धातूचे तुकडे, असं असेल तर गिअरबॉक्स खोलायलाच हवा.