कमिटमधलं ‘का’ कोण लिहिणार?

समजा, कळमन्याच्या बाजारात येणाऱ्या संत्र्यांची आवक नोंदवणारा एक छोटा प्रोग्रॅम नागपुरातले काही विद्यार्थी लिहीत आहेत. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि कोडमध्ये कोणीतरी फेब्रुवारीचा शेवटचा दिवस २८ असा पक्का करून ठेवला आहे. २०२८ हे लीप वर्ष. त्या वर्षी २९ तारखेची सगळी आवक हिशेबातून गळेल. गटातल्या एकीच्या हे लक्षात येतं. ती ती ओळ बदलते आणि एआय सहायकाला सांगते, ‘कमिट कर’, म्हणजे हा बदल कोडच्या इतिहासात नोंदव. काही सेकंदांत मेसेजसह, म्हणजे बदलाचं वर्णन करणाऱ्या वाक्यासह, कमिट तयार: ‘तारखेची तपासणी सुटसुटीत केली’.

वाक्याला नाव ठेवायला जागा नाही. पण लीप वर्षाचा त्यात उल्लेखच नाही. पुढच्या बॅचचा विद्यार्थी ती ओळ बघेल, तिचं प्रयोजन त्याला कळणार नाही, आणि तो कदाचित पुन्हा २८ करून मोकळा होईल.

कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट हे साधन लिनस तोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी लिहिलं. नागपूरच्या मिहानमधल्या कंपन्या असोत की कॉलेजचं प्रोजेक्ट, आज बहुतेक ठिकाणी तेच चालतं. त्यातला कमिट समजायला सातबारा आठवावा. जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते सातबारा दाखवतो. ती वारसाने आली की खरेदीने, हे फेरफारात मिळतं. कमिट म्हणजे कोडचा फेरफार.

प्रत्येक कमिटमध्ये त्या क्षणीच्या सगळ्या फायलींची स्थिती, आधीच्या कमिटचा क्रमांक, लेखकाचं नाव, वेळ आणि मेसेज असतो. या सगळ्यावर गणित चालवून, सहसा ४० अक्षरी, क्रमांक निघतो. मेसेजमधली एक मात्रा बदलली तरी हा क्रमांक बदलतो, आणि त्यामागोमाग पुढच्या सगळ्या कमिटचेही. त्यामुळे एकदा पुश झालेला, म्हणजे गटाच्या सामायिक प्रतीत पाठवलेला, आणि इतरांनी ज्यावर काम चढवलेला मेसेज दुरुस्त करणं फार जिकिरीचं असतं.

सहायक काय करतो? कोणत्या फायली बदलल्या ते तो गिटला विचारतो, जुन्या-नव्या ओळींमधला फरक, म्हणजे डिफ, वाचतो, बरेचदा आधीचे काही मेसेज बघून लिहिण्याची धाटणी उचलतो आणि मग वाक्य रचतो. डिफमध्ये गेलेल्या आणि आलेल्या ओळी असतात. त्यामागचं कारण तुमच्या डोक्यात असतं. ते संवादात आलं असेल, तर सहायक ते चांगलं मांडतो. रात्री उशिरा घाईने ‘फिक्स’ किंवा ‘अपडेट’ एवढंच लिहून झोपणाऱ्यापेक्षा तर खूपच चांगलं. पण ते आलं नसेल, तर शोभेल असं कारण तो स्वतःच जोडू शकतो: ‘वेग वाढवण्यासाठी’, ‘वाचनीयता सुधारण्यासाठी’. सहायकामागचं भाषा-मॉडेल संभाव्य मजकूर रचतं, आणि कारण दिलेला मेसेज जास्त संभाव्य वाटतो. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. ‘फिक्स’ वाचणाऱ्याला निदान कळतं की इथे माहिती नाही. रचलेल्या कारणावर तो विश्वास ठेवतो.

म्हणून ‘कमिट कर’ एवढ्यावर थांबू नये. ‘२९ फेब्रुवारीची आवक गळेल म्हणून हा बदल’ असं सांगावं, मराठीत सांगितलं तरी चालतं. मेसेजही मराठीत ठेवायला गिटची हरकत नसते, आणि गट मराठीत विचार करत असेल तर कारण मराठीतच नेमकं उतरतं, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट गाठोड्याची. सहायकाने एका बैठकीत तारीख सुधारली, बटणाचा रंग बदलला, तीन फायलींची नावं बदलली आणि सगळं एकाच कमिटमध्ये टाकलं, तर पुढे चूक शोधणं अवघड होतं. गिटच्या बायसेक्ट सोयीने हजार कमिटमधून बिघाड आणणारा कमिट साधारण १० चाचण्यांत सापडतो, कारण दर चाचणीला निम्मे कमिट बाद होतात. पण सापडलेला कमिट म्हणजे असं गाठोडं असेल, तर शोध तिथून पुन्हा हाताने सुरू. एका कारणाला एक कमिट, हे सहायकाला आधीच बजावावं.

कमिटमध्ये नेमकं काय जातंय, तेही स्वतः बघावं. सरसकट सगळ्या फायली स्टेज केल्या, म्हणजे कमिटसाठी निवडल्या, तर पासवर्डची फाइलही आत जाऊ शकते. नंतर ती डिलीट केली तरी इतिहासात राहते, म्हणून पासवर्ड बदलणं हाच पहिला उपाय.

आणि नाव कोणाचं? काही सहायक मेसेजच्या शेवटी सहलेखक म्हणून स्वतःची ओळ जोडतात. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नियमांत एआयच्या मदतीचा उल्लेख वेगळ्या ओळीत करायला सांगितलं आहे, पण ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ एआयला जोडता येत नाही. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी कायदेशीर ग्वाही त्या ओळीतून दिली जाते, आणि ती माणसानेच द्यायची असते.