घर घेऊन परदेशी निवास परवाना: ग्रीस, दुबई आणि पुण्यातली कागदपत्रं

परदेशात घर घेतलं की तिथे राहण्याचा परवाना मिळतो, हे खरं आहे. मात्र दोन-तीन वर्षांपूर्वीच्या माहितीवर विसंबू नका. पोर्तुगालने २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग बंद केला, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये योजनाच गुंडाळली. म्हणून इथे फक्त ग्रीस आणि दुबई.

ग्रीसमध्ये अथेन्सचा सगळा अ‍ॅटिका प्रांत, थेसालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि ३,१०० हून जास्त वस्तीची बेटं इथे किमान ८ लाख युरो लागतात. इतरत्र ४ लाख. घर एकच आणि किमान १२० चौरस मीटरचं हवं. दुकान-कचेरीची जागा राहण्यायोग्य केलेली असेल तर अडीच लाखांत भागतं, पण ते रूपांतर अर्जाआधी पूर्ण झालेलं असावं लागतं. हे घर एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळावर पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देता येत नाही आणि या परवान्यावर तिथे नोकरीही करता येत नाही. मुदत ५ वर्षांची. घर विकलं नाही तर नूतनीकरण होतं. जोडीदार, २१ वर्षांखालची मुलं आणि नवरा-बायको दोघांचेही आईवडील यात येतात. आपल्यासारख्या कुटुंबांसाठी मला हीच तरतूद सर्वांत मोलाची वाटते.

दुबईचं गणित सोपं आहे: २० लाख दिरहमची मालमत्ता, १० वर्षांचा गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथला निवास परवाना. दुबई लँड डिपार्टमेंटचं नोंदणी शुल्क ४ टक्के, ते वेगळं धरा.

आता पैसे. परदेशात पैसे पाठवण्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र केली तर ५ लाख, आणि १ एप्रिलला ती पुन्हा नव्याने सुरू होते. त्यामुळे बरेच जण काही रक्कम मार्चमध्ये आणि उरलेली एप्रिलमध्ये पाठवतात. भारतीय बँकेचं कर्ज काढून हे पैसे पाठवता येत नाहीत. वर्षाला १० लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापते, म्हणजे १ कोटी पाठवले तर १८ लाख. ते प्राप्तिकर विवरणपत्रात वळते होतात, परतही मिळतात, पण तोवर अडकून राहतात. कोथरूडचा फ्लॅट किंवा गावाकडची जमीन विकून पैसे उभे करणार असाल, तर खरेदीखत आणि भांडवली नफ्यावरचा कर भरल्याची पावती एकाच फायलीत ठेवा. पैसा कुठून आला हे बँकही विचारते आणि तिकडचे अधिकारीही.

खरा वेळ जातो तो नावांमध्ये. आपलं नाव तीन पदरी. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. लग्नानंतर बायकोचं नाव-आडनाव बदललेलं, जन्मदाखल्यावर मात्र माहेरचंच. जुन्या जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, त्या चौकटीत नुसती रेघ! माझ्या ओळखीच्या एका जोडप्याचं लग्न १९९० च्या दशकातलं, नोंदणी कधी केलीच नव्हती. घर पसंत पडलं, वकील ठरला आणि सगळं या एका कागदावर थांबलं. म्हणून घर शोधण्याआधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विवाह नोंदणी आणि जन्मदाखल्यावर नावाची नोंद करून घ्या. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत काढा. नावं, तारखा, स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून पाहा.

हे दाखले आधी राज्य शासनाकडून साक्षांकित होतात, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून. ग्रीससाठी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (करारातल्या देशांत चालणारं प्रमाणीकरण) पुरतं, त्यानंतर ग्रीक भाषांतर. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिल करारात नाही, त्यामुळे दुबईसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. ग्रीसला आरोग्य विमाही जोडावा लागतो आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. घरखरेदी मात्र तिथल्या वकिलाला मुखत्यारपत्र देऊन करता येते. तो वकील तुमचा हवा, घर विकणाऱ्याने सुचवलेला नको.

परवाना मिळाला तरी तुमचा भारतीय पासपोर्ट तसाच राहतो. कराच्या दृष्टीने तुम्ही भारतातले रहिवासी असाल, तर ते घर दरवर्षी विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावंच लागतं. ते राहिलं तर १० लाख रुपये दंड होऊ शकतो.